आधी ट्रॅक पाहा, मग गाडी घ्या

मालवण तालुक्यातील एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या गावाबाहेरच्या सड्यावर काही तरुणांनी रेडिओ कंट्रोल गाड्यांसाठी मातीचा एक लहानसा ट्रॅक तयार केला असून तेथे दर रविवारी सकाळी सराव चालतो आणि अधूनमधून शर्यतही होते. वाचकांचा मुलगा आठवीत आहे आणि आपणही या खेळात उतरावे असे बापलेकांनी मिळून ठरवले आहे. ताशी ७० किलोमीटर वेगाची जाहिरात असलेली एक गाडी त्यांनी ऑनलाइन हेरून ठेवली आहे, फक्त पैसे भरायचे बाकी आहेत. ही गाडी घ्यावी का, गाडीखेरीज आणखी काय लागते, सराव किनाऱ्यावरच्या वाळूत केला तर चालेल का, खाऱ्या हवेत ही यंत्रे टिकतात का आणि सरावलेल्या मुलांपुढे आपले हसे तर होणार नाही ना, असे त्यांचे प्रश्न आहेत. घरातल्या आजोबांनी ‘ह्यो पोरांचो खेळ’ असा निकाल देऊन टाकला आहे. त्यांना काय उत्तर द्यावे, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पैसे भरले नाहीत हे उत्तम झाले. ती गाडी वाईटच असेल असे मी म्हणत नाही, परंतु ज्या आकड्यावर तुम्ही भाळला आहात तो आकडा शर्यतीत तुमच्या काही कामाचा नाही. सड्यावरच्या छोट्या ट्रॅकवर दर काही मीटरवर वळण असते, मध्येमध्ये उड्या असतात, आणि ताशी ७० किलोमीटरचा वेग गाठण्याइतका सरळ पट्टा तेथे बहुधा नसतोच. एक दशांश प्रमाणाची, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची बग्गी साध्या मोटरवर ताशी २५ ते ३० किलोमीटर वेगाने जाते, आणि नवख्या माणसाला तेवढाही वेग पहिले काही रविवार आवरत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. दीड किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने कठड्यावर आदळली तर तिचा पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, मोडतोच, पण तीच गाडी ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्याच्या नडगीवर आदळली तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून पहिल्या गाडीची निवड वेगावरून करू नये. तुमच्या ट्रॅकवर कोणता वर्ग पळतो आणि मोडलेला भाग त्याच सकाळी तेथे मिळू शकतो का, या दोन गोष्टींवरून ती करावी.

यासाठी सर्वांत आधी एक करा. येत्या दोन-तीन रविवारी मुलाला घेऊन रिकाम्या हाताने ट्रॅकवर जा. नुसते बघायला जाऊ नका, काम मागा. या खेळात मार्शल लागतात आणि मार्शल नेहमीच कमी पडतात. शर्यतीत गाडी उलटली किंवा कठड्यात अडकली तर चालवणारा आपला मंच सोडून धावत जात नाही. त्या वळणावर उभा असलेला मार्शल ती सुलटी करून पुन्हा ट्रॅकवर ठेवतो. रीत अशी की ज्याची शर्यत आत्ता संपली त्याने पुढच्या शर्यतीत मार्शल म्हणून उभे राहायचे. तुम्ही गाडी नसताना आपण होऊन उभे राहिलात तर त्या मुलांना हायसे वाटेल, आणि तुम्हाला त्यातून जे शिकायला मिळेल ते कोणत्याही व्हिडिओत मिळणार नाही. वळणावर उभे राहिले की कोणती गाडी कुठे घसरते, कोणता भाग वारंवार मोडतो, जलद दिसणारा मुलगा दर फेरीत कुठे वेळ घालवतो आणि संथ दिसणारा त्याला कसा मागे टाकतो, हे हातभर अंतरावरून दिसते.

मार्शलचे काम साधे असले तरी त्याला शिस्त आहे. चपला घालून जाऊ नका, बूट घाला. मोबाइल खिशात ठेवा, खाली बसू नका आणि नजर आपल्या वळणावर ठेवा. गाडी उलटली की झेप घेण्याआधी मागून दुसरी गाडी येत नाही ना ते बघा, मग उचला, योग्य दिशेला तोंड करून ठेवा आणि बाजूला व्हा. चाक निखळलेले दिसले तर दुरुस्ती करत बसायचे नाही, गाडी बाहेर काढून ठेवायची. मुलालाही हे काम द्या, परंतु पहिल्या दिवशी त्याला एकट्याला उभे न करता आपल्याजवळ ठेवा.

उभे असतानाच चौकशी करा. येथे सर्वांत जास्त गाड्या कोणत्या वर्गाच्या आहेत? मोटरवर बंधन आहे का? टायर कोणते चालतात? सुटे भाग कोण कुठून मागवते आणि यायला किती दिवस लागतात? कोणाची जुनी गाडी विकायची आहे का? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ट्रॅकवरचीच, ज्याला ती चालवताना तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे अशा माणसाची जुनी गाडी पेटीतल्या सुट्या भागांसह मिळाली तर नवीन गाडीचा विचार सोडून द्या. पहिल्या महिन्यात ती ओरखडणारच आहे. निदान आधीपासूनच ओरखडलेली असली तर जीव हळहळणार नाही.

नवीनच घ्यायची झाली तर दोन भेद लक्षात ठेवा. पहिला भेद खेळण्यातली गाडी आणि हौशी शर्यतीची गाडी यांचा. खेळण्याच्या गाडीत स्टिअरिंग बहुधा पूर्ण डावे किंवा पूर्ण उजवे एवढेच असते, सुटे भाग मिळत नाहीत आणि एक गिअर झिजला की सगळी गाडी भंगारात जाते. शर्यतीच्या गाडीत तुम्ही रेडिओवरचे चाक जेवढे वळवाल तेवढीच पुढची चाके वळतात, तिचा प्रत्येक आर्म, गिअर, बेअरिंग, शॉक (धक्के शोषणारी तेलाची नळी) स्वतंत्र क्रमांकाने मागवता येतो, आणि ती पूर्ण उलगडून पुन्हा जोडता येते. दुसरा भेद तयार गाडी आणि किट यांचा. तयार गाडी, जिला ही मंडळी आरटीआर म्हणतात, ती पेटीतून काढून बॅटरी लावली की धावते. किट मात्र सुट्या भागांच्या पिशव्यांतून स्वतः जोडावे लागते आणि मोटर, सर्व्हो (पुढची चाके वळवणारे लहान यंत्र), वेगनियंत्रक व रेडिओ बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. आठवीतला मुलगा आणि वडील एकत्र बसणार असतील तर माझा कौल किटला आहे. जो हाताने डिफ (डावे-उजवे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची डबी) भरतो, शॉकमध्ये तेल ओतून बुडबुडे काढतो आणि प्रत्येक आर्म कोणत्या पिनवर फिरतो हे पाहतो, त्याला गाडी मोडल्यावर कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मात्र हाती वेळ नसेल किंवा मुलाचा धीर सुटत असेल तर आरटीआर घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

बग्गी की ट्रक, टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील ड्राइव्ह, याचे उत्तर ट्रॅकच देईल. ज्या वर्गात आठ गाड्या पळतात त्या वर्गात जावे, एकट्याच्या वर्गात शर्यत कसली? दोन्ही पर्याय सारखेच खुले असतील तर एवढे सांगतो की जांभ्याच्या सुट्या भुकटीवर फोर-व्हील ड्राइव्ह नवख्याला सांभाळून घेते, टू-व्हील ड्राइव्ह थ्रॉटलवरचे, म्हणजे वेगाच्या खटक्यावरचे, बोट सैल-घट्ट करायला शिकवते, आणि चाके झाकलेला शॉर्ट कोर्स ट्रक धक्काबुक्कीत इतरांच्या चाकांत अडकत नाही. मोटर साधी ५४० आकाराची ब्रशवाली असली तरी पुरे. ब्रशलेस घ्यायची असेल तर १७.५ किंवा २१.५ टर्नची घ्या. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जितके जास्त तितकी मोटर संथ, हे सूत्र ध्यानात असू द्या, कारण दुकानदार नेमक्या उलट टोकाची मोटर दाखवील. पेट्रोल इंजिनासारखा आवाज करणाऱ्या नायट्रो गाड्यांच्या नादी आता लागू नका. त्यांचे इंधन मेथनॉल, नायट्रोमीथेन आणि तेल यांचे मिश्रण असते. ते मिळवणे, घरात ठेवणे आणि त्या इंजिनाची मिजास सांभाळणे हा स्वतंत्र उद्योग आहे.

रेडिओबद्दल फार लिहीत नाही. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे पिस्तुलाच्या आकाराचे ट्रान्समीटर एकमेकांच्या आड येत नाहीत, त्यामुळे पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या काळात कोणता क्रिस्टल (रेडिओची लहर ठरवणारा सुटा भाग) कोणाकडे आहे याची जी विचारपूस करावी लागे ती आता उरलेली नाही. घेताना एवढे बघा की त्यात थ्रॉटलची कमाल मर्यादा कमी करण्याची सोय आहे. मुलासाठी ती सुरुवातीला निम्म्यावर ठेवा. सुरू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग ट्रान्समीटर, हा क्रम अंगवळणी पाडा. सिग्नल तुटला तर गाडीने आपोआप थांबावे यासाठी फेलसेफ असतो. तो लावून घ्या आणि गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाके अधांतरी असताना, ट्रान्समीटर बंद करून एकदा तपासा.

बॅटरीवर मात्र थोडे थांबतो, कारण या खेळात धोका कुठे असेल तर तो येथे आहे. बहुतेक गाड्या दोन सेलच्या लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीवर चालतात. तिचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट असतो, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्ट. चालवताना सेलमागे सुमारे ३.२ व्होल्टच्या खाली ती जाऊ देऊ नये; वेगनियंत्रकात लायपोची कटऑफ (दाब फार उतरण्याआधी गाडी थांबवणारी सोय) सुरू आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, घ्या आणि बॅटरीच्या क्षमतेइतक्याच प्रवाहाने चार्ज करा: ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर. साधारण तासाभरात ती भरते. तो तासभर माणूस जवळ हवा. रात्री लावून झोपू नका, लाकडी माळ्यावर किंवा पेंढा-गोवऱ्या ठेवलेल्या पडवीत लावू नका. चिऱ्यांच्या ओट्यावर, लायपोसाठी मिळणाऱ्या अग्निरोधक पिशवीत ठेवून चार्ज करा. ट्रॅकवरून परत येताना बॅटरी मे महिन्याच्या उन्हात बंद मोटारीत ठेवून जेवायला थांबू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, दाबून किंवा टोचून बघू नका, कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचऱ्यात द्यावी लागते.

सड्यावर विजेची सोय नसेल, आणि तशी ती नसतेच, तर १२ व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या म्हणजे मोटारीच्या बॅटरीवरून काम भागेल. फक्त दोन-तीनदा चार्ज केल्यावर मोटारीचे इंजिन थोडा वेळ चालवून घ्या, नाहीतर परतीच्या वेळी तिलाच धक्का मारावा लागेल. त्यापेक्षा घरून दोन बॅटऱ्या भरून नेणे बरे. साध्या मोटरच्या गाडीला ५००० एमएएचची एक बॅटरी पाच मिनिटांच्या शर्यतीला पुरून वर उरते.

अवजारे थोडी पण चांगली घ्या. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे अ‍ॅलन ड्रायव्हर, चाकांच्या नटांचा पाना, बारीक चिमटा, कात्री आणि रंगाचा एक मऊ ब्रश एवढ्यावर वर्षभर चालते. स्वस्त अ‍ॅलन की घेतली की स्क्रूचे डोके गोल होते, आणि आपल्याकडे त्यातच गंज धरला की तो स्क्रू ड्रिल मारूनच काढावा लागतो. तुमच्या एकूण अंदाजपत्रकात गाडी निम्म्याहून अधिक पैसे खाणार नाही अशी आखणी करा; उरलेल्यात चार्जर, दोन बॅटऱ्या, अवजारे, पुढचे-मागचे आर्म, एक जादा स्पर गिअर (मोटरने फिरणारा मोठा गिअर), दोन-तीन पिनियन (मोटरच्या दांडीवरचे लहान गिअर) आणि टायरचा एक जादा जोड आला पाहिजे. स्क्रू घट्ट राहावा म्हणून लावतात ते थ्रेडलॉक धातूच्या भागात जाणाऱ्या स्क्रूलाच लावा, प्लॅस्टिकला नाही.

एक काम मात्र पहिल्याच आठवड्यात हाताला बसले पाहिजे, ते म्हणजे मोटरचा पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांच्यातले अंतर. दात एकमेकांत फार घट्ट रुतले तर मोटर तापते, फार सैल राहिले तर स्पर गिअरचे दात एका फेरीत सोलून निघतात आणि गाडी जागच्या जागी किंचाळत राहते. वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी कापा, ती दोन गिअरच्या मध्ये सरकवा, मोटर हलकेच स्परकडे दाबून तिचे स्क्रू आवळा आणि मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या स्पष्ट घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. त्यानंतर पिनियन बोटाने धरून स्पर हलवला की अगदी केसभर खळखळ जाणवली पाहिजे. पिनियन बदलला की हे पुन्हा करायचे. मुलाला हे काम सोपवून टाका. कोवळ्या बोटांना ते आपल्यापेक्षा चांगले जमते.

कॅम्बर आणि टो (चाकांचे कल), शॉकचे तेल, स्प्रिंगची कडकी यांच्या चर्चा ट्रॅकवर तुमच्या कानांवर सतत पडतील. ऐकून घ्या. पुस्तिकेतल्या मापांप्रमाणे गाडी ठेवा आणि पहिले दोन-तीन महिने काहीही बदलू नका. जोपर्यंत तुमच्या लागोपाठच्या दहा फेऱ्या जवळजवळ सारख्या वेळात होत नाहीत, तोपर्यंत बदलामुळे गाडी सुधारली की तुमचा हात त्या क्षणी बरा चालला, हे कळायला मार्ग नाही.

सरावासाठी घराचे खळे पुरेसे आहे. नवख्याला पहिला अडसर येतो तो दिशांचा. गाडी आपल्यापासून दूर जात असते तेव्हा डावे ते डावे असते. तीच वळून आपल्याकडे येऊ लागली की चालवणाऱ्याचे डावे-उजवे उलटते आणि हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. यावर डोक्याने विचार करून उपाय सापडत नाही, हाताला सवय लागावी लागते. खळ्यात चार-पाच मीटर अंतरावर दोन करवंट्या पालथ्या ठेवा आणि त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारा, म्हणजे डावी आणि उजवी दोन्ही वळणे येतात आणि गाडी दर फेरीत एकदा जाते, एकदा येते. एकाच जागी उभे राहून चालवा, गाडीच्या मागे धावू नका, कारण ट्रॅकवर तुम्हाला मंचावरून हलता येणार नाही. नजर गाडीवर खिळवू नका, ती जाणार असलेल्या जागेवर ठेवा. कोंबड्या आणि शेजाऱ्यांचे कुत्रे आधी बाजूला करावेत, हे सांगायला नकोच.

किनाऱ्यावर मात्र नको. ओल्या वाळूत गाडी सुंदर पळते हे खरे आणि तारकर्लीसारखा सपाट किनारा हाकेच्या अंतरावर असताना मोह होणे साहजिक आहे, पण खारे पाणी आणि बारीक वाळू मिळून बेअरिंग, मोटर आणि शॉकच्या दांड्यांची जी गत करतात ती एका सहलीतही पुरेशी होते. ‘वॉटरप्रूफ’ असे पेटीवर लिहिलेले असले तरी तो शब्द इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो. बेअरिंगला आणि स्क्रूंना त्याचे संरक्षण नाही. दुसरे कारण याहून मोठे आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात; रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि तुमच्याच सिंधुदुर्गातील वायंगणी ही गावे त्यांच्या संवर्धनासाठी ओळखली जातात. त्या वाळूत आपली चाके जाऊ नयेत.

खाऱ्या हवेचे म्हणाल तर यंत्रे टिकतात, पण ठेवली तर टिकतात. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या घरात गाडी उघडी ठेवली तरी स्क्रूंची डोकी महिन्याभरात तांबूस होतात. ट्रॅकवरून आल्यावर पाण्याच्या नळाखाली धरू नका. कोरड्या ब्रशने सगळी माती झटका, सायकलच्या पंपाने किंवा फुंकणीने सांधे मोकळे करा, मग किंचित तेल लावलेल्या फडक्याने स्क्रू आणि धातूचे दांडे पुसा. टायरला मात्र तेलाचा हात लावू नका. जांभ्याची लाल भुकटी दिसायला पिठासारखी मऊ असते, पण डिफच्या आउटड्राइव्हमध्ये (चाकाची दांडी जिथे बसते त्या खोबणीत) आणि शॉकच्या सीलपाशी ती कानसीचे काम करते. म्हणून त्या दोन जागा आधी. चाके काढून प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवा. जे खरखरते ते बदला, ते स्वस्त असते आणि त्याच्यामुळे बिघडणारी चाकाची दांडी महाग असते. गाडी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

पावसाळ्यात सड्यावरचा ट्रॅक बंदच असतो. घरात आगोटीची कामे सुरू होतील तेव्हा गाडीचीही बेगमी करून टाका. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाची सोय असते, तिने सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर आणून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा दाब तपासा. गाडी ठोकळ्यावर ठेवा म्हणजे टायर एका बाजूने चपटे होणार नाहीत. शॉकचे आणि डिफचे तेल बदलायला हे चार महिने सोयीचे. मुलाला बॉडी रंगवायची असेल तर तेही याच काळात होईल. फक्त पारदर्शक पॉलीकार्बोनेटची बॉडी आतून रंगवायची असते आणि गडद रेघा आधी, फिका रंग नंतर, हे त्याला आधी सांगा. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, त्यामुळे पाऊस उघडलेला दिवस पाहून रंगवा.

आता हसे होण्याची भीती. शर्यतीची रीत अशी असते की आधी सराव, मग पाच-पाच मिनिटांच्या पात्रता फेऱ्या आणि त्यांतल्या कामगिरीनुसार अंतिम शर्यती. जलद गाड्या ए-मेनमध्ये, त्यामागच्या बी-मेनमध्ये. म्हणजे तुमची गाठ शेवटी तुमच्यासारख्यांशीच पडते. मोजणी मोठ्या ट्रॅकवर गाडीतल्या ट्रान्सपाँडरने (फेरीची आपोआप नोंद देणाऱ्या यंत्राने) होते, लहान ठिकाणी वही आणि स्टॉपवॉचवरही काम चालते. समजा एक मुलगा १९ सेकंदांत फेरी मारतो, पण पाच मिनिटांत पाचदा उलटतो आणि दर वेळी मार्शल येईपर्यंत त्याचे १० सेकंद जातात. तुम्ही २२ सेकंदांची फेरी मारता, पण एकदाही उलटत नाही. पाच मिनिटे संपताना दोघेही चौदाव्या फेरीत असाल. ती तुम्ही ३०८ सेकंदांवर पूर्ण कराल, तो ३१६ वर. आठ सेकंदांनी तुम्ही पुढे. हा हिशेब मुलाला कागदावर करून दाखवा, म्हणजे थ्रॉटलची मर्यादा निम्म्यावर का ठेवली यावरून घरात वाद होणार नाही.

मागून जलद गाडी आली तर घाबरून बाजूला वळू नका. आपली रेषा धरून सरळ चाला. ओलांडून जाण्याची जबाबदारी तिची असते आणि अचानक दिलेली वाट दोघांनाही कठड्यात घालते. द्यायचीच असेल तर वळणावर थोडे बाहेरून जा, आतली बाजू आपोआप मोकळी होते. मंचावरून मार्शलवर ओरडू नका. तो मुलगा तुमच्या आधीच्या शर्यतीत पळून दमून उभा असतो. आणि आपली शर्यत संपल्यावर आपले वळण सोडून चहाला जाऊ नका. लहान ट्रॅकवर माणसाची पत या एका गोष्टीवरून ठरते, पहिल्या क्रमांकावरून नव्हे.

आजोबांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ कंट्रोल मोटार, पोर्शे ९३४, बाजारात आणली तेव्हा ती कंपनी जोडायच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींसाठीच ओळखली जात होती. पण १९८५ पासून एक दशांश प्रमाणाच्या मातीवरच्या विद्युत गाड्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत आहेत, आणि जपानच्या मासामी हिरोसाका यांनी १९८७ मध्ये पहिले जगज्जेतेपद मिळवल्यापासून निरनिराळ्या वर्गांत मिळून अशी १४ अजिंक्यपदे जिंकली. ही माहिती देऊन आजोबांचे मत बदलेल असे मला वाटत नाही. त्यांना सड्यावर नेऊन सावलीत खुर्ची द्या आणि हातात स्टॉपवॉच ठेवा. फेऱ्या मोजायला चोख माणूस प्रत्येक ट्रॅकला हवा असतो, आणि नातवाची फेरी अर्ध्या सेकंदाने लांबली की ते स्वतःच बोलू लागतील.

एक गाडी की दोन, हे तुम्ही विचारले नाही, पण ते लवकरच पुढे येईल. सुरुवात एकाच गाडीने करा, मुलगा चालवील तेव्हा तुम्ही मार्शल आणि तुम्ही चालवाल तेव्हा तो. पुढच्या हंगामात दुसरी घ्यावीशी वाटलीच तर तीच, त्याच नमुन्याची घ्या. एका डब्यातले आर्म, पिनियन आणि टायर दोन्ही गाड्यांना चालतील, आणि शर्यतीच्या दिवशी एक गाडी पार मोडली तरी तिचे भाग काढून दुसरी पळवता येईल. कोणाची गाडी मोडून कोणाची पळवायची, ते मात्र आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.